माझा सासरा चवळीखाऊ

आमच्या मान्साने, म्हणजे राजाने, विखुरलेले मुलूख जोडून मोठं राज्य उभारलं, त्यात माझाही वाटा आहे, असं मी नातवंडांना सांगतो. लढाईच्या वेळी मी गाढवामागे लपलो होतो, तेवढं मात्र सांगत नाही. वाटा निर्धोक झाल्या आणि कुत्रं भुंकलं तरी घाम फुटणारा मी, सुंकालो त्राओरेसुद्धा, वाळवंटातल्या वालाताहून मिठाच्या लाद्या घेऊन राजधानीला, नियानीला, येऊ लागलो. राज्याची भरभराट म्हणतात ती हीच.

मान्साने सगळी कुळं एकत्र बोलावून कोणी कोणाची थट्टा करायची, तेही पक्कं केलं. आमच्या त्राओरे कुळाने कोने कुळाला चवळीखाऊ, पळालेला गडी, वाटेल ते म्हणावं, कोनेने त्राओरेला. रागवायचं मात्र नाही.

त्या वर्षी मला न्येले कोने हवी होती. दुसरी कोणी नको होती. मागणी म्हणून कोलाच्या दहा बिया तिच्या घरी पोचल्या होत्या. पण वालाताला व्यापारासाठी गेलेल्या तिच्या थोरल्या काकाच्या शब्दाशिवाय होकार मिळेना. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. मीठ घेऊन वालाताहून परतताना, वाटेत विहिरीपाशी मला एक म्हातारा भेटला. त्याने कूळ सांगितलं, "कोने." शहाण्या माणसाने इथेच तोंड आवरलं असतं.

"तरीच," मी म्हणालो. "एवढी चवळी हादडल्यावर वास येणारच. उंटानेही तोंड फिरवलंय बघा."

"आणि तू त्राओरे दिसतोस. गाढवं कधीपासून बोलायला लागली?"

"आमच्या घरातून पळालेला गडी तू. आजोबा अजून शोधतायत."

"त्यांना सांग, जेवण मीच रांधायचो. माझ्यामागे उपाशी मेले असतील बिचारे."

तीन दिवस हेच चाललं. म्हातारा डावा पाय ओढत चालायचा आणि हसू आलं की पोट धरून वाळूत बसायचा. इतका मी आयुष्यात कधी हसलो नव्हतो.

नियानीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी मध्यस्थाच्या पाठीआड न्येलेच्या अंगणात शिरलो. चटईवर तोच म्हातारा, न्येलेचा थोरला काका फामोरो कोने.

"हा का मुलगा?" त्याने विचारलं. "हा जावई झाला, की माझ्याशी कसा वागेल?"

"रीतीप्रमाणे, बाबा," मध्यस्थ म्हणाला. "मान खाली. थट्टा नाही, वर बघणं नाही. जन्मभर."

म्हातारा हातातली कोलाची बी बराच वेळ फिरवत राहिला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण पोरीला हा आवडलाय." आणि होकार म्हणून त्याने बी फोडली.

सुटलो, असं मला वाटलं. मी किती बैल होतो!

त्यानंतर अकरा वर्षं तो समोरच्या घरात राहिला. सकाळी माझ्या दारापाशी काठी टेकून उगाच थांबायचा. मी उकिडवा बसून जमिनीकडे बघायचो. जिभेवर आलेली शिवी गिळायचो. मग तो पाय ओढत निघून जायचा. न्येलेबरोबर माझा संसार सुखाचा झाला, तरी तेवढ्या वेळापुरतं मला रोज वाईट वाटायचं.

तो गेला तेव्हा रीतीप्रमाणे गावातले त्राओरे नकला करायला आले. प्रेताला चवळीखाऊ म्हणाले, त्याची काठी घेऊन चालून दाखवलं. लोक हसले. पण ते उजवा पाय ओढत होते. मी जावयांच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. डावा, डावा, एवढंच मला सांगायचं होतं.