गाडीपुढे कोण उभं राहणार

जेवून आल्यावर ऋजुता बोबडे प्रयोगशाळेतल्या टेबलावर हातांची घडी घालते आणि तिच्यावर डोकं टेकते. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटून पडायचं, असं तिनं ठरवलेलं आहे. खिडकीखाली मैदानात मांडव घालणं चालू आहे. खुर्च्या ओढल्याचा आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो.

चंद्रपूरच्या या कॉलेजात ती आपोआप चालणाऱ्या यंत्रांचं एम.टेक. करते आहे. खाणीत चालकाविना कोळसा वाहणारी गाडी हा तिचा प्रकल्प. आधी तो दोघांचा होता. दुसरा सुमेध ढोके, वणीचा. गेल्या वर्षी याच मैदानात, याच गाडीखाली तो गेला.

त्या वेळी गाडी धुळीला घाबरायची, झाडाच्या सावलीला माणूस समजून थांबायची. पाहुण्यांपुढे नाचक्की होईल म्हणून त्यांचे मार्गदर्शक वझलवार सर यांनी तिचा आकडा वाढवला. समोर माणूस आहे अशी किती खात्री पटली की ब्रेक लावायचा, ते ठरवणारा आकडा. तो वाढवला तशी गाडी कशालाच थांबेना. सर खूश झाले. सुमेध मैदानात आखलेल्या रस्त्याच्या वळणावर वाकून कडेची सुटलेली दोरी बांधत होता, आणि सरांनी गाडी सोडली.

ऋजुतानं चौकशी समितीपुढे सगळं सांगितलं. सर हळहळत म्हणाले, पोरीला धक्का बसलाय, तिला आरामाची गरज आहे. समितीनं ठरवलं की विद्यार्थीच बेफिकीर होता. सगळ्यांना वाटलं, आता ही कॉलेज सोडणार. ती राहिली. सरांच्याच हाताखाली, खाली मान घालून, सांगतील ते करत राहिली. तिच्या आईलासुद्धा कळेना की हिला झालंय काय.

आज पुन्हा प्रात्यक्षिक आहे. आपली गाडी किती भरवशाची आहे हे दाखवायला सर स्वतः गाडीपुढे उभे राहणार आहेत, गाडी ऋजुता सोडणार आहे. आणि अपघातानंतर खाली आणलेला तो आकडा आज सकाळी ऋजुतानं मागच्या वेळी होता तिथेच नेऊन ठेवला आहे. कुणालाच ठाऊक नाही.

खुर्च्यांचा आवाज थांबतो. समोरच्या स्टुलावर सुमेध बसलेला आहे.

तो आहे तसाच आहे. बाह्या दुमडलेल्या, केस कपाळावर. फक्त त्याच्या कडा नीट लागत नाहीत. खांदा कुठे संपतो आणि मागची भिंत कुठे सुरू होते, ते तिला सांगता येत नाही.

"काऊन निजली?" तो विचारतो.

ती त्याला सगळं सांगते. आकड्याचं सांगते, सर नेमके कुठे उभे राहणार तेही सांगते. हा दिवस यावा म्हणून कसं गोड बोलत राहिली, सरांसाठी चहा कसा आणत राहिली, आणि प्रत्येक वेळी कप ठेवताना मनात काय म्हणत होती, ते सांगते. बोलता बोलता ती हसते. किती दिवसांनी हसली तिलाच आठवत नाही.

सुमेध हसत नाही. तो उठतो, ती त्याच्यामागून दाराबाहेर पडते, तर पुढे वणीचं त्यांचं स्वयंपाकघर आहे. त्याची आई भाकरी थापते आहे. चुलीशेजारी गाडी उभी आहे, घरातल्या म्हशीसारखी, आणि आईला तिचं काही वाटत नाही. ती भाकरी उलटते, गाडीच्या चाकाला हात टेकून उठते, पाण्याचा तांब्या भरते. सुमेध तिच्याजवळून जातो. आई वर पाहत नाही.

"तिला दिसत नाहीस तू?" ऋजुता विचारते.

"तिले सांगितलंय की पोरगा बेफिकीर होता," सुमेध म्हणतो. "तेवढंच दिसते तिले."

ऋजुता म्हणते, आज संध्याकाळनंतर सगळं फिटेल. तांब्यातलं पाणी सांडतं आणि जमीन कॉलेजच्या सभागृहाची होते. खच्चून गर्दी आहे. स्टेजवर मोठी तसबीर, तिला मोगऱ्याचा हार. तसबीर सुमेधची असणार म्हणून ती पुढे होते. फोटोत वझलवार सर आहेत. कुणीतरी माइकवर बोलतं आहे. कामावर प्राण ओवाळून टाकणारा माणूस, म्हणतं आहे. बायका डोळे पुसताहेत. सभागृहाला सरांचं नाव द्यायचं ठरतं आणि टाळ्या पडतात. मागच्या दाराशी दोन पोलीस उभे आहेत आणि ते ऋजुताकडेच बघताहेत.

"पाह्यलं?" सुमेध तिच्या कानाशी म्हणतो. "मेल्यावर हार पडते. मले नाई पडला, पण त्याले पडन."

"मग मी काय करू? सोडून देऊ त्यांना?"

"सोडू नोको." आता पहिल्यांदा त्याचा आवाज तापतो. सभागृहातले दिवे बारीक होतात. "पण मारू बी नोको. मेला तं तो येईन कुठं? इकडंच येईन ना, माह्याजवळ. मले नाई पायजे तो इथं. त्याले तिथंच ठेव. म्हातारा होऊ दे. रोज आरशात पाहू दे."

सभागृहातली माणसं उठून गेलेली आहेत. खुर्च्यांच्या जागी मैदान आहे, रस्ता आहे, वळण आहे. त्याच वळणावर ते दोघं उभे आहेत आणि गाडी लांबून येते आहे, आवाज न करता. ऋजुता मागे सरकते. सुमेध सरकत नाही. गाडी त्याच्यातून जाते, धुरातून जावी तशी, आणि तो बोलतच राहतो.

"गाडी सोडायच्या आधी त्याले फक्त सांग, आकडा किती ठेवला ते. सगळ्यांसमोर सांग. मंग पाह्य, तो उभा राह्यते का."

तिला कळतं. इतके दिवस मनात घोळवलेलं मरण या एका प्रश्नापुढे अगदीच फिकं वाटायला लागतं.

"माझा आवाज फुटणार नाही," ती म्हणते. "समितीपुढे पण नीट फुटला नव्हता. ततपप झालं होतं माझं."

सुमेध खिसा चाचपतो. वर्गात पेपर वाचून दाखवायची पाळी आली की तो असंच करायचा. तिच्या ओठांशी तो काहीतरी धरतो आणि ती तोंड उघडते.

"दाढेखाली धर," तो म्हणतो. "लवंगेनं आवाज बसत नाई."

कुणीतरी दार वाजवतं. शिपाई सांगतो, पाहुणे आलेत, सर बोलावताहेत.

ऋजुता डोकं उचलते. हाताला मुंग्या आलेल्या आहेत, गालावर बाहीच्या सुरकुत्या उमटल्या आहेत, आणि जिभेला झणझणीत काहीतरी लागतं आहे. ती तळहातावर थुंकते. अर्धी चावलेली लवंग आहे. ती कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहते. मग पुन्हा दाढेखाली धरते आणि खाली उतरते.

मांडव भरलेला आहे. वझलवार सर रस्त्याच्या मधोमध हाताची घडी घालून उभे आहेत, फोटो काढणाऱ्यांकडे बघून हसताहेत. ते तिला मान हलवून खूण करतात. ती गाडी सोडत नाही. माइक हातात घेते.

"सर, गाडीचा आकडा सुमेधच्या वेळी तुम्ही ठेवला होता तोच आहे. सोडू?"

सर हसतच राहतात. हसता हसता गाडीकडे बघतात, मग गाडीच्या बटणावरच्या तिच्या हाताकडे. हसू तसंच तोंडावर राहतं, पण पाय हलतात. आधी एक, मग दुसरा. सर रस्त्याच्या कडेला जातात, कडेवरून गवतात उतरतात.

रस्ता रिकामा आहे.

पुढच्या रांगेतली एक वयस्क पाहुणी बाई सरांकडे बघते, मग ऋजुताकडे वळून विचारते, "सुमेध कोण?"

ऋजुता लवंग चावते. तोंडभर तिखट पसरतं, आणि ती सांगायला लागते.