भासऱ्यांच्या लाल गाडीचे ब्रेक

भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, मला जे बोलायचं ते गाडीला बोलत. भावजयीशी थेट बोलायचं नाही, हा त्या घरचा रिवाज. पण रिवाज पाळणारे इतर लोक निदान गप्प राहतात. हे अंगणातल्या लाल गाडीचं बॉनेट फडक्यानं पुसत आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणत, "काय वं, आज वरणात मीठ टाकाचं राहून गेलं म्हणते. पुण्याकडे असंच खातेत काय?" मी नाशिकची. हे त्यांना पक्कं माहीत होतं.

सेलूच्या बाजारात त्यांचं ढेपीचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान होतं. धाकट्या भावासाठी त्यांनी वर्ध्याची मुलगी ठरवली होती आणि भावानं मला आणलं. तेवढा राग त्यांना पुरला. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. माया म्हणून जी काही होती ती या गाडीवर. नागपूरच्या कुणा हौशी माणसाकडून घेतलेली, जुनी, परदेशी बनावटीची, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यातून फेरी मारत. रस्त्यावरची पोरं मागे धावत आणि ते सरळ समोर बघत राहत.

गाडीचा ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची. पुढच्या चाकाची तबकडी दोन्ही बाजूंनी पकडणारा कॅलिपर उजवीकडे गंजून अडकला होता. सगळा जोर डाव्या चाकावर यायचा. माझे यजमान एकदा दबकत म्हणाले, "दादा, दाखवून तरी घ्या कोणाले." भासऱ्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मले शिकवू नोको. तिची खोड आहे ते. मी हात आधीच उजवीकडे धरतो."

माझी मीनू तेव्हा पहिलीत होती. एका रविवारी मला न विचारता ते तिला फिरवायला घेऊन गेले. नागपूर रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला, त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे वळून खड्ड्यात, बाभळीच्या बुंध्याशी जाऊन थांबली. मीनूची हनुवटी फुटली. रक्तानं भिजलेल्या फ्रॉकमध्ये ती दारात उभी राहिली आणि मागून भासरे म्हणाले, "शेळ्यावाल्याची चूक होती."

मी डोक्यावरचा पदर सोडला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "शेळ्यांची? ब्रेक तुमचे सडलेत आणि चूक शेळ्यांची?"

ते माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "सांग तिले, घरात आवाज चढवू नये."

"मला सांगा. मी इथेच उभी आहे."

त्यांच्या हातातली किल्ली मी ओढून घेतली आणि मागच्या विहिरीत टाकली. आजही मला त्याचा पस्तावा नाही. ते दोन्ही हात कठड्यावर ठेवून बराच वेळ पाण्यात बघत राहिले. त्या दिवसापासून ते माझ्या हातचं जेवेनात. दुकानाशेजारच्या खानावळीत जाऊ लागले आणि तिथल्या चवीची तारीफ गाडीजवळ उभं राहून करू लागले.

काही महिन्यांनी नवी किल्ली करून आली, आणि मुंबईच्या भंगार बाजारातून कॅलिपरची जोडीही. शिकवायला कोणी नको, म्हणून त्यांनी ती स्वतःच बसवली. आता ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी छोटा बोल्ट उघडून बुडबुडे निघू द्यायचे. दुकानातल्या गड्याला सकाळीच पाना फेकून मारला होता. तो निघून गेला. यजमान ऑफिसात. भासरे एकटेच पेडल दाबायचे, धावत चाकाशी जायचे आणि शिव्या द्यायचे.

मी जाऊन आत बसले.

"कोणी बसवलं तुले?"

"माझी पोर बसली होती यात. ब्रेक लागतो की नाही, ते मी माझ्या पायानं बघणार."

ते पाना घेऊन चाकाशी वाकले. मग चाकाखालून, "दाब. धरून ठेव. धर म्हटलं ना! काऊन सोडून राह्यली?"

"तुम्ही सोड म्हणालात."

"मी खोकललो!"

चारही चाकं होईपर्यंत आम्ही भांडत होतो. शेवटी पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट झालं. त्यांनी विचारलं, "लागते?" मी म्हटलं, "लागतो." आभार कोणी कोणाचे मानले नाहीत.

कोणाला वाटेल, मग गोडी झाली. नाही झाली. मीनूच्या शाळेवरून भांडलो, वाटणीवरून तर फारच. वाटणीनंतर ते गाडी घेऊन वडनेरच्या शेतावर राहायला गेले आणि दिवाळीलाही आले नाहीत.

वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांना ठेवल्याचं कळलं तेव्हा मी डबा घेऊन गेले. ती शेवटची भेट. मला बघून म्हणाले, "कशाले आली?" मी डबा उघडला. त्यांनी एक घास खाल्ला. "अजून मीठ नाई." मी म्हटलं, डॉक्टरनी बंद केलंय. ते म्हणाले, डॉक्टरले काय समजते. मी म्हटलं, तुम्हाला तरी कुठे काय समजलं जन्मभर. मग विहीर निघाली, शेळ्या निघाल्या, वाटणी निघाली. नर्स दोनदा ओरडून गेली.

शेजारच्या खाटेवर एकीचा नवरा होता. मी डबा धुवायला नळावर गेले तशी ती मागून आली आणि हळूच म्हणाली, "सख्खा भाऊ आहे काय वं तुमचा?"

मी म्हटलं, "हो."