देवराईत अंथरलेला कागद

परवा इथेच एक व्हिडिओ फिरत होता. स्पेनमधल्या कुठल्याशा जंगलात शास्त्रज्ञांनी झाडांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या लावून पाऊस अडवलाय... पाऊस कमी झाला तर जंगलाचं काय होईल, हे आधीच बघायला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, रिकामटेकडे लोक.

तर मंडळी, हा रिकामटेकडेपणा मी ऐंशीच्या दशकात आपल्या कोल्हापूरकडच्या मलकापूरजवळ केलेला आहे. तोही साडी खोचून.

मी तेव्हा कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. भूमध्य समुद्राकाठचे उन्हाळे कोरडे, तिथली झाडं पाण्याविना कशी तग धरतात, यावरचं काहीतरी माझ्या सरांच्या वाचनात आलं. आपल्याकडे धो धो पाऊस पिणाऱ्या झाडांचं पाणी तोडलं तर काय होईल, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला... आणि वणवण माझ्या वाट्याला आली.

जुनी, कुऱ्हाड न लागलेली झाडं हवी होती. ती मलकापूरच्या पुढे डोंगरातल्या एका गावाच्या देवराईत मिळाली. जांभूळ, अंजनी... दुपारीसुद्धा खाली अंधारून यायचं. फांद्यांच्या खाली, खोडांमधून बांबूचा उंच मांडव घालायचा, वर प्लास्टिकचा कागद ताणायचा आणि त्याखाली येणाऱ्या झाडांच्या मुळांना पाऊस निम्माच मिळू द्यायचा, असा आमचा बेत होता.

मे महिन्यात एसटीच्या टपावर कागदाचे गुंडाळे टाकून आम्ही गावात पोचलो. चावडीसमोर माणसं जमली. चहा झाला, गूळ-पाणी झालं, मी बेत सांगितला. देवीची पूजा करणारे गुरवमामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, आमच्या देवीला छप्पर चालत न्हाय."

खरंच चालत नव्हतं. तिला देऊळ नव्हतं. शेंदूर लावलेला एक तांदळा, म्हणजे नुसता उभा दगड, उघड्यावर. पूर्वी कुणीतरी छप्पर घालायला गेलं आणि वासे मोडून पडले, अशी गोष्ट गावात होती. भर पावसातही लोक तिच्यासमोर छत्री मिटून उभे राहायचे.

सर उठले, चपला घालायला लागले. त्यांचं म्हणणं, आता दुसरं रान शोधू. पण दुसरं रान नव्हतं, मी तालुका पालथा घातला होता. पाऊस तोंडावर आला होता आणि वर्ष हातचं जाणार होतं... मला वाद घालायचा नव्हता. मी फक्त विचारलं, छप्पर कशाला म्हणायचं?

यावर गावात जी चर्चा झाली, तशी मी नंतर कुठल्या परिसंवादातही ऐकली नाही. पावसात डोक्यावर घेतलेलं इरलं म्हणजे छप्पर का? झाडाची फांदी? जेवायला बसताना खाली घेतलेलं पोतं? सगळ्यांचं बोलून झाल्यावर गुरवमामांनी निकाल दिला, "तिच्या डोक्यावर जाईल ते छप्पर. खाली ऱ्हाईल ते हातरूण."

तांदळा माझ्या मांडीएवढा उंच. म्हणजे तेवढी जागा आपली! मी तिथल्या तिथे मांडव रद्द केला. कागद त्या उंचीच्या खाली, झाडांच्या खोडांमधून उतरता लावायचा आणि पाणी चिरलेल्या बांबूतून ओढ्याला सोडायचं. सर पुन्हा खाली बसले.

मामांनी एकच विचारलं, "आणि झाड गेलं तर?"

"एक पण जाणार नाही," मी म्हणाले. "एका वर्षानं कागद काढते." इतक्या ठामपणे म्हणाले, की सरांनीही माझ्याकडे वळून बघितलं.

पावसाळाभर वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला, पण कागद टिकला. तिथला वारा असा, की गावच्या शाळेचे पत्रे उडाले. आमचा उंच मांडव पहिल्या आठवड्यातच कोल्हापूरला पोचला असता. देवीने आमचा प्रयोग वाचवला, असं सर नंतर चारचौघांत सांगायचे.

उन्हाळ्यात मात्र कागद लावलेल्या झाडांपैकी चार झाडांनी पानं टाकली. शेजारची झाडं हिरवीगार आणि ही चार खराट्यासारखी. सर खूश झाले, परिणाम डोळ्यांना दिसत होता. आणखी एक वर्ष कागद राहू दे, प्रबंध भक्कम होईल, असा त्यांचा आग्रह होता. गुरवमामा त्या झाडांखाली उभे होते. एकेक फांदी निरखत होते.

मी सरांना नाही म्हणाले. शब्द एका वर्षाचा होता. आता झाडं सावरतात कशी ते मोजू, तोही प्रयोगच आहे, असं सांगितलं आणि मे संपायच्या आत मामांच्या बरोबरीने सगळा कागद गुंडाळला. झाडं सावरणारच, असं गावाला सांगितलं. सरांना सांगितलं. घरी आईलाही सांगितलं, तिने विचारलं नव्हतं तरी.

जुलैमध्ये घाटात दरड कोसळली आणि माझं जाणं थांबलं. वाट सुरू झाली त्या दिवशी संध्याकाळी कोल्हापुरात, कसबा बावड्यात आमच्या दारात एक एसटी कंडक्टर उभा. खांद्याला बॅग, अंगावर ओला खाकी ड्रेस. ड्युटी संपवून पत्ता विचारत विचारत आला होता.

"देवराईच्या गुरवाचा निरोप हाय," तो म्हणाला. "बाईस्नी सांगा म्हणलाय, पालवी फुटली. चारीबी झाडांस्नी."

आई त्याला चहाला थांबवायला लागली. मी पायरीवर बसले आणि रडायलाच लागले... हमसून हमसून. कंडक्टर बिचारा गोंधळला. आईला हळूच म्हणाला, "मावशी, निरोप चांगलाच हाय की."