वालूरच्या गाडीतले चोवीस डबे

परभणीहून वालूर म्हणजे काही लांबचा प्रवास नव्हे. माझं तर ते माहेर. डोळे झाकून जाईन. पण या जानेवारीत निघाले ती चोवीस निळ्या पिशव्यांचं गाठोडं काखोटीला मारून. सोबत भाची, वैष्णवी. माझ्या धाकट्या भावाची लेक. पुण्यात लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये एम.बी.ए. करते. मी सातवी शिकलेली. शिवणकाम शिकले ते जुने कपडे उसवून उसवून. तरी तिच्या अभ्यासात माझ्या मशीनचा हात लागायचा होता, म्हणून मी जरा तोऱ्यातच होते.

परभणी ते सेलू रेल्वेने गेलेलं बरं. तीस-पस्तीस रुपयांत तासाभराच्या आत पोचता. खिडकी मिळाली तर बघत राहावं: ज्वारी कणसाला आलेली, हरभरा गुडघ्याएवढा, मधूनच शेवटच्या वेचणीची कापसाची रानं. मी वैष्णवीला विचारलं, "तुमच्या त्या अभ्यासात नक्की शिकवतात काय गं?"

"वस्तू जिथं तयार होते तिथून वापरणाऱ्याच्या हातात पडेपर्यंतचा सगळा प्रवास, आत्या. कुठं थांबते, कुठं हरवते, कुणामुळं उशीर होतो."

"म्हणजे सासरी पाठवलेली लेक."

ती हसली, पण जेमतेमच. पोरीच्या डोक्याला घोर होता. अकरावी-बारावीला ती सेलूत खोली करून राहायची आणि वालूरहून रोज पहिल्या एसटीने तिचा डबा यायचा. आजही गावातल्या पोरापोरींचे येतात. डब्यासोबत माणूस नसतो, पावती नसते. दोन वर्षांत तिचा एकही डबा चुकला नव्हता. याच गोष्टीवर तिला प्रबंध लिहायचा होता. तिच्या मॅडम म्हणाल्या, "आठवणी पुरे, मोजून दाखव. सोमवारी आकडे आण, नाहीतर सगळ्यांसारखा गोदामाचा विषय घे." शुक्रवारी परभणी गाठून शनिवारी परत पुण्याला जायचं होतं. म्हणजे हातात गुरुवारची एकच सकाळ.

तिनं बेत केला तो असा. सगळ्या डब्यांना मी शिवलेल्या सारख्या निळ्या पिशव्या, पिशवीवर नंबर. तोच नंबर सेलूतल्या पोराच्या मोबाईलवर आधीच कळवलेला. वालूरला गाडीत चढताना फोटो, सेलूला उतरताना फोटो. कोणता डबा किती वाजता कुठं होता, सगळं कागदावर येणार.

सेलूहून वालूरला एसटीने जावं. बायांना अर्धं तिकीट आहे, वीस रुपयांच्या आतच काम होतं. रस्ता बराचसा चांगला, मधे एका ठिकाणी खड्डे असे की पोटातलं पाणी हलतं. वालूरला आलात तर बारव बघितल्याशिवाय जाऊ नका. गोल गोल फिरत पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. आम्ही लहान होतो तेव्हा ती गाळानं भरलेली. गावातल्या लोकांनीच गाळ उपसून तिला मोकळं केलं. आम्ही दुपारी तिथं तासभर बसलो. मग माझ्या वहिनीनं शेतात हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरावर कणसं, तळहातावर चोळलेले गरम दाणे, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. हुरडा खायचा तर जानेवारीतच या, नंतर दाणा टणक होतो.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत आम्ही घरोघर पिशव्या वाटल्या.

गुरुवारी सकाळी साडेसातला स्टँडवर ही गर्दी. वैष्णवी गाडीच्या दाराशी मोबाईल धरून उभी. मी ओट्यावर बायांच्यात. राधाबाई एकोणीस नंबरच्या पिशवीशी झगडत होत्या. त्यांच्या गणेशला कावीळ झालेली, म्हणून दोन्ही वेळचं बिनतेलाचं जेवण चार खणांच्या उंच डब्यात.

"ह्यात माझा डबा बसंना बाई. तोंडच बंद होईना पिशवीचं."

शेजारची मंगल म्हणाली, "माझी घ्या की. माझ्या कोमलचा एवढासाच हाय, गुरुवारचा उपास हाय तिला. भगर न् आमटी."

"पर नंबर?"

"सारक्याच तर हायत समद्या!"

मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हटलं, "द्या इकडं," आणि माझ्याच हातानं राधाबाईंचा डबा मंगलच्या सहा नंबरमध्ये घातला, मंगलचा एकोणीसमध्ये. मग आणखी तीन जोड्यांनी तसंच केलं. त्यांनाही मीच मदत केली. पिशव्या सेलूलाच जाणार, डबे सेलूलाच जाणार, बिघडलं काय?

कंडक्टर पिशव्या घेता घेता म्हणाला, "मावशे, आज डब्यांला गणवेश घातलाव की!" गाडीभर हशा. आम्हीही त्याच गाडीत बसलो.

सेलूच्या स्टँडला लागून एका चाचांची भजी-चहाची टपरी आहे. डबे त्यांच्या बाकावर उतरतात, पोरं येऊन घेऊन जातात. चोवीसच्या चोवीस उतरले. वैष्णवीनं फोटो काढले, पोरांनी मोबाईल बघून नंबर उचलले. पंधरा मिनिटांत बाक रिकामा. "आत्या, शंभर टक्के!" म्हणत तिनं मला मिठी मारली. मी दोन प्लेट भजी सांगितली.

भजी संपायच्या आत गणेश परत आला. डोळे अजून पिवळट, हातात एकोणीस नंबर.

"ताई, मला शेंगदाण्याची आमटी पाठवली मायनं. डॉक्टरनं तर तेलाचं नावच काढू नको म्हणलंय."

त्याच्या मागून कोमल, रडकुंडीला आलेली. "ताई, मला वाटलं मायनं डबा बदलला, अन् भगर समजून वरण-भाताचा घास खाल्ला मी! उपास मोडला माझा!"

चाचा कढईतून मान वर न करता म्हणाले, "मैं तो पिशवी देखके बोलता था जी, कौन आया, कौन नै. आज सब एकसारखे. नंबर को क्या समजता किसका पेट दुखता?"

वैष्णवीचं तोंड उतरलं. हे दोघंही पिशव्या बाकावर टाकून तासाला पळाले, बाकी पोरं आधीच कॉलेजात गेली होती. कुणाकुणाचं चुकलं ते डबा उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. तिनं सगळ्यांना कळवलं: उघडू नका, दुपारच्या सुट्टीत टपरीवर या. मग वही काढून शोधत बसली, चूक कुठं झाली. गाडीत? उतरवताना? कंडक्टरनं हलवल्या? बिचाऱ्या कंडक्टरवर आळ यायला लागला तेव्हा मला राहवेना.

"वैशू, मी केलंय ते."

"काय?"

"कापड कमी पडलं होतं. शेवटच्या आठ पिशव्या मी चार बोटं आखूड कापल्या. तुला बोलले नाही. वाटलं, कोण बघतंय. उंच डबे त्यात बसेनात, म्हणून बायांनी अदलाबदल केली. मीच करून दिली."

तिनं सहा आणि एकोणीस नंबरच्या पिशव्या शेजारी ठेवल्या, बोटांनी मोजल्या. बरोबर चार. मग वहीत डोकं घातलं ते दुपारपर्यंत वर काढलं नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी तीन चहा प्याले, चाचांनी एकाचेच पैसे घेतले.

साडेबाराला पोरं जमली. बाकावर चोवीस पिशव्या. वैष्णवी वही उघडून नंबर लावायला लागली, तेवढ्यात पोरांनी तिला बाजूला सारून डबे बाहेरच काढले.

"ह्या डब्याला पोचा हाय, हा माझाच. मीच पाडला होता."

"ही भाकर माझ्या मायची न्हाई. माझी माय कडंला बोटं उठवती."

"लसणाचा एवढा वास? हा शिंदेच्या घरचा ठेचा. लय दिवस वाटून खाल्लाय."

गणेशला त्याचा डबा कोमलनंच दिला. "घे, बिनतेलाचा कसा खातोस रं बाबा?" आणि तो म्हणाला, "तुझा उपास मी धरतो आज, हिशोब बरोबर."

दहा मिनिटं लागली असतील. एकही नंबर न बघता आठच्या आठ डबे आपापल्या धन्याकडं गेले. वैष्णवी बघतच राहिली. मग खाली बसून भराभर लिहायला लागली: पिशवीचं कापड, गाठ, डब्याचा पोचा, भाकरीची कड, वास. एक खूण हुकली तर दुसरी, दुसरी हुकली तर तिसरी. "आत्या," ती वहीतून मान वर करून म्हणाली, "मी सगळ्या खुणा काढून एकच ठेवली. आणि ती एक चुकल्यावर सावरायला काही उरलंच नाही. पोरांनी डबे उघडले म्हणून बरं."

शुक्रवारी मी परभणीला परतले, शनिवारी ती पुण्याला. सोमवारी तिनं मॅडमना सगळं दाखवलं, आठ चुकांसकट. दुपारी फोन आला. मी शिवता शिवता थांबले.

"विषय दिला, आत्या! मॅडम म्हणाल्या, ही चूक झाकू नकोस, प्रबंध इथूनच सुरू कर. पण कारणाच्या रकान्यात मला लिहावं लागलं."

"काय लिहिलंस?"

"पिशवी चार बोटं आखूड. शिवणारीचं नाव नाही लिहिलं."

"लिही की. मान्य आहे मला."

घरी आल्यावर बरेच दिवस मनात राहिला तो गणेश. त्यानं ती आमटी न बघता खाल्ली असती तर? एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाईकाला कधी आखूड कापड दिलं नव्हतं. द्यायचं ते माहेरच्या डब्यांनाच दिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी वहिनीचा फोन: "सेलूहून येणाऱ्या गाडीत तुमच्यासाठी काहीतरी हाय. वालूरहून चाचाकडं दिलतं, चाचांनी पुढं लावलंय." मी परभणीच्या स्टँडवर गेले. कंडक्टरच्या शेजारी पाच-सहा पिशव्या.

"कोणती, मावशी? नाव सांगा."

नाव सांगायची गरज पडली नाही. निळी पिशवी, एकोणीस नंबर. वरच्या कडेला हिरव्या लुगड्याच्या काठाची पट्टी जोडलेली, हाताच्या टाक्यांनी. मी बोटं लावून बघितली. चार.

आत राधाबाईंचा तो चार खणांचा उंच डबा, व्यवस्थित बसलेला. चिठ्ठी नव्हती. वरचा खण उघडला तर धपाटे, तेलानं निथळणारे, आणि शेजारी तर्रीदार ठेचा. गणेश बरा झाला, हे मला तिथं स्टँडवरच कळलं.