निळ्याखालचा पांढरा

माझ्या बायकोला माझ्या बहुतेक चुका पाठ आहेत. ही एक तिलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही विलासला ओळखत नाही. आणि त्याला ओळखणाऱ्या कुणासमोर हे बोलायची माझी अजून छाती होत नाही.

आधी कामाबद्दल सांगतो. टाळाटाळ समजा हवं तर.

मी आणि विलास हाताने पेनं बनवतो. लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर गावकरी मंडळाची खोली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाहून आलेले लोक तिथे वळकट्या टाकायचे. आता तिथे भजनाचं सामान, सतरंज्या आणि एका कोपऱ्यात आमचा छोटा लेथ. ॲक्रिलिकची कांडी घ्यायची, मधोमध आरपार भोक पाडायचं, त्यात पितळेची नळी चिकटवायची आणि लेथवर कातून पेनाचा आकार द्यायचा. पण कांडी अर्धपारदर्शक असली की आतलं पितळ दिसतं, सगळं मळकट वाटतं. म्हणून नळी बसवण्याआधी भोकाला आतून रंग द्यावा लागतो. सगळी करामत त्या रंगाची. एकच निळी कांडी — खाली काळा दिला तर शाईच्या दौतीसारखी, चंदेरी दिला तर बांगड्याच्या पोटासारखी, पांढरा दिला तर आत दिवा लावल्यासारखी. आणि पांढऱ्याऐवजी पिवळट, सायीच्या रंगाचा दिला तर? निळ्याचा हिरवा होतो. नळी एकदा चिकटली की तो पुसता येत नाही.

कातणं माझं, रंग विलासचा. ही वाटणी पहिल्यापासूनची. तो लोअर परळच्या एका छापखान्यात रंग जुळवण्याचं काम करायचा, त्यामुळे त्याची नजर तयार. आमचा एक नियम होता — रंग ट्यूबलाइटखाली ठरवायचा नाही. कांडीचा उरलेला तुकडा घ्यायचा, त्याच्या पाठीला रंग लावायचा आणि वर गॅलरीत जाऊन दिवसाच्या उजेडात धरायचा. आम्ही दोघं तिथे तुकडा फिरवत उभे असलो की शेजारच्या पारकरकाकी म्हणायच्या, "काय रे, सोनां गावलां की काय?"

मग विलासच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. साखरेमुळे, वयाच्या मानाने फार लवकर. ऑपरेशनला तो घाबरत होता, त्याच्या काकांचा डोळा ऑपरेशननंतरच गेला होता. आणि छापखान्यात कळलं असतं तर? ज्याला पांढरा आणि पिवळट वेगळा दिसत नाही, त्याच्याकडून रंग कोण जुळवून घेईल? त्याने ते मुलीलाही सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं. "अव्या, आता तूच माझे डोळे," म्हणाला. हसत म्हणाला, पण माझा दंड घट्ट धरला होता.

तेव्हापासून तो मला विचारूनच रंग द्यायचा. डबी उघडायची, तुकड्यावर लावायचा, माझ्यापुढे धरायचा. पांढरा ना रे? हो. चंदेरी ना? हो. मी खोटं बोलत नव्हतो. तोपर्यंत नाही.

आता जवळ आलोय. तरी मध्ये एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती सांगायची लाज वाटते, कारण ती इतकी छोटी आहे.

दादरला एका सभागृहात पेनांचं प्रदर्शन होतं. आमचंही टेबल होतं. लोक पेन उचलायचे, दिव्यासमोर धरायचे आणि विलासला विचारायचे — हा रंग कसा आणलात? टोपणाचे आटे मी किती जपून पाडलेत, जोडावर नख अडकत नाही, हे कुणी पाहिलंसुद्धा नाही. एका गृहस्थांनी शेवटी माझ्याकडे बघितलं. "आणि हे पॅकिंग बघतात वाटतं?"

"हा? हा आमचा हमाल!" विलास म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून खदखदून हसला.

मीही हसलो. लहानपणापासून एकमेकांना याहून वाईट शिव्या दिल्यात आम्ही. मग तेवढीच का लागली? विचार करून थकलो. लागली, एवढं खरं.

त्याच सुमारास विलासची मुलगी मुग्धा वकील झाली. भोईवाड्याच्या कोर्टात पहिल्यांदा उभी राहणार होती. तिची आई, सुनंदा, मुग्धा शाळेत असतानाच गेली. सुनंदाने आमच्या मजल्याच्या सामाईक गॅलरीत तेलाच्या डब्यात गोकर्णाचा वेल लावला होता. ती गेल्यावर विलासने तो जगवला, अजून आहे. त्याला मुग्धासाठी त्या फुलाच्या रंगाचं पेन करायचं होतं. तशी निळी कांडी आमच्याकडे एकच उरली होती आणि ती बनवणाऱ्याने तो रंग बंद केला होता. खाली स्वच्छ पांढरा द्यायचा, एवढंच काम. विलास कित्येक दिवस तेच बोलत होता.

रविवारी सकाळी तो वर आला. एका हातात तुकडा, दुसऱ्या हातात उघडी डबी. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. त्याने तुकडा त्या वेलाशेजारीच धरला.

"पांढरा ना रे?"

डबीतला रंग पिवळट होता. मी पाहिलं. निळ्यातून हिरवी झाक येत होती, स्वच्छ दिसत होती. आदल्या आठवड्यात मधाच्या रंगाच्या कांडीसाठी ती डबी मीच विलासला काढून दिली होती आणि नंतर चुकून पांढऱ्याच्या जागी ठेवली होती. ते मुद्दाम नव्हतं. पण पुढचं?

"हो," मी म्हणालो. "पांढराच." आणि पेपरात डोकं घातलं.

त्या क्षणी मनात काय होतं? खरं सांगतो — मला वाटलं, एकदा चुकू दे याला. लोकांना कळू दे, या रंगांमागे कुणाचे डोळे आहेत. मुग्धाचा विचार आला नाही का? आला. सुनंदाचाही आला. तरी मी मान वर केली नाही.

रंग वाळेपर्यंत वेळ होता. नळी चिकटवण्याआधी वेळ होता. मग ती कांडी कातायला माझ्याच हातात आली. वरचा थर जसजसा उतरत गेला, तसतसा आतून हिरवा वर येत गेला. मी लेथ थांबवला. पुन्हा चालू केला. आयुष्यात केलं नसेल इतकं सुरेख काम मी त्या पेनावर केलं, इतकं चकचकीत पॉलिश! विलासने ते डोळ्यांजवळ नेलं, फिरवून पाहिलं. त्याला त्या दिवसांत सगळेच निळे मळके दिसायचे. "जमलं ना?" असंही त्याने विचारलं नाही. मी एकदा हो म्हटलं होतं, ते त्याला पुरे होतं.

संध्याकाळी त्याच्या घरी मुग्धाने खोकं उघडलं. मी होतो, पारकरकाकी होत्या. मुग्धाने पेन हातात घेऊन उलटसुलट फिरवलं. काकी गप्प राहणाऱ्यातल्या नव्हेत.

"ह्यां गोकर्ण? ह्यां तर तळ्यातलां शेवाळ गे!"

"काकी, असू दे हो," मुग्धा म्हणाली. "मस्त आहे, बाबा. फक्त... तू आईच्या फुलाचा रंग म्हणाला होतास ना?"

विलासचा चेहरा मी नीट पाहिला नाही. तो माझ्याकडे वळला, एवढं कळलं.

"अव्या, मी तुला डबी दाखवली होती ना? गॅलरीत?"

इथेही बोलता आलं असतं. निदान "माझी नजर चुकली" एवढं म्हणून भागलं असतं. त्याने हसून सोडून दिलं असतं, हमाल म्हणाला असता.

"नाही रे," मी म्हणालो. "मला कुठे दाखवलीस?"

"दाखवली रे. तू हो म्हणालास."

"विलास, मी हो म्हटलं असतं तर मला आठवलं नसतं का?"

त्याची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती. विलास जेवण भरवायला बसला की त्यालाच विचारायची, "तुम्ही कोणाकडे आलात?" हे सगळ्या चाळीने पाहिलंय. मीही पाहिलंय. ते वाक्य बोलताना मला ते माहीत होतं. विलास खाटेवर बसला. "असेल," म्हणाला. "मलाच वाटलं असेल." आणि मुग्धा एकदम त्याच्याकडे बघायला लागली — पेनाकडे नाही, त्याच्याकडे.

निळ्याचा हिरवा झालेला त्याला दिसला नाही, म्हणून तिने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही ऑपरेशनं झाली, छान झाली. आता त्याला समोरच्या इमारतीवरचं कबुतरही दिसतं. मग तिने त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, विसरण्याच्या. त्यांनी तपासून सांगितलं, काही झालेलं नाही. मुग्धाला ते पटलं. विलासला नाही पटलं. तो चाळीच्या फाटकापर्यंत जातो आणि कुलूप ओढून बघायला परत येतो. गोष्ट सांगताना मध्येच थांबतो — "हे मी तुला आधी सांगितलंय का?" छापखाना त्याने स्वतःहून सोडला. मुग्धा ते हिरवं पेन रोज कोर्टात नेते. कुणी विचारलं तर म्हणते, हाच रंग हवा होता मला.

आम्ही अजून पेनं करतो. रविवारी तो डबी आणि तुकडा घेऊन वर येतो. त्याची नजर आता माझ्यापेक्षा चांगली आहे. तरी तुकडा माझ्यापुढे धरतो.

"पांढरा ना रे?"

"हो."

खाली जातो. जिन्यातून परत येतो.

"अव्या, मी तुला आत्ता डबी दाखवली ना?"

"दाखवलीस."

"तू हो म्हणालास ना?"

"म्हणालो."

मग तो जाऊन रंग द्यायला बसतो.