रुकैया चाचींच्या हातातली ट्यूबलाइट

तुमच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या बरोब्बर खाली झोपणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं होतं का?

आमच्या सोसायटीत मी विचारलं. आणि घाबरू नका, असं उत्तरही मीच देऊन टाकलं! भानामती, करणी, अंगात येणं, या सगळ्याविरुद्ध पत्रकं वाटत मी मोठी झाले. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच पुढचं लिहिताना हात अडखळतोय... पण पाहिलं ते लिहिते.

यंदाचा, म्हणजे अठ्ठ्याण्णवचा मे महिना. पनवेलला वडाळे तळ्याच्या मागे आमची चार मजली इमारत. टॉवर नुकताच सुरू झालेला. त्याच्या खालच्याच फ्लॅटमध्ये रुकैया चाची एकट्या राहायच्या. चाचा नोकरीला कुवेतमध्ये. चाचींच्या छातीत पेसमेकर. टॉवर आल्यापासून धडधडतं, म्हणायच्या. जासई गावचा भाऊ बोलावत होता, पण चाचांनी परदेशात उमेद घालवून घेतलेलं हे घर.

"बेटा, तू शिकलेली. इमानाने सांग, राहू की घर विकू?"

मी टॉवरवाल्यांच्या मागे लागले. त्यांचा इंजिनीअर लहरी मोजायचा मीटर घेऊन आला, चाचींच्या बेडरूममध्येही मोजलं.

"मॅडम, मर्यादेच्या खूपच खाली आहे."

"कुणाची मर्यादा?"

"इंटरनॅशनल. आपल्याकडे अजून ठरायचीय."

मी भडकले. माणसं आमची, छपरं आमची, आणि मर्यादा उसनी! पण काटा खरंच खाली होता. चाचींच्या डॉक्टरांनीही काळजीचं कारण नाही म्हटलं होतं.

राहिली एक अफवा. टॉवरखाली ट्यूबलाइट हातात धरली की आपोआप पेटते म्हणे. ती अफवा तिथल्या तिथे मोडून काढायची म्हणून मी चाचींच्या बेडरूमचे पडदे ओढले, भर दुपारी, इंजिनीअरसकट सगळ्यांसमोर. हातात सुटी ट्यूब, वायर नाही, काही नाही. मी धरली. अंधार. सेक्रेटरी प्रधानकाकांनी धरली. अंधार.

"घ्या! लाइट बिल वाचायची आशा संपली," काका म्हणाले. सगळे हसले.

"चाची, आता तुम्ही धरा. भीती जाईल."

बिस्मिल्ला म्हणून त्यांनी ट्यूब घेतली... आणि ती पेटली.

लुकलुकली नाही — पेटली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरीफटक. खोलीतला प्रत्येक चेहरा मला दिसत होता. नायलॉनवर घासलेली ट्यूब क्षणभर चमकते, ते मी शाळाशाळांत दाखवलंय. हे तसं नव्हतं. मी ती काढून घेतली. विझली. इंजिनीअरने धरली. काही नाही. चाचींच्या हातात दिली, पुन्हा लख्ख.

इंजिनीअर मीटर प्रधानकाकांच्या हातात कोंबून गच्चीवर धावला. जिन्यातून ओरडला, "सगळा बंद केला!"

मीटरचा काटा शून्यावर पडला. उजेड तसूभरही कमी झाला नाही.

"या अल्ला... बेटा, बंद कर ना ही," चाची म्हणाल्या. मी ट्यूब ओढून घेतली.

मग त्यांनी मला तोच प्रश्न विचारला, राहू की विकू? "सध्या भावाकडे जा," मी म्हटलं.

पेसमेकर तपासला, उत्तम चालू होता. चाची जासईला गेल्या. इंजिनीअर पुन्हा फिरकला नाही, आमच्या पत्रांना उत्तर नाही. मी टॉवरला दोषी म्हणत नाही. ट्यूब तो बंद असतानाही पेटत होती. भूतही म्हणणार नाही, जीव गेला तरी! मग काय होतं ते? मला माहीत नाही.

वाचकांत कुणी वायरलेसचं, विजेचं शिकलेलं असेल, तर माझी एक विनंती आहे. पनवेलला या. फ्लॅटला गिऱ्हाईक लागलंय, सौदा व्हायच्या आत या. किल्ली माझ्याकडे आहे. पुन्हा ट्यूब धरायला चाची तयार आहेत. घाबरतात, पण येते म्हणाल्या.

मीटर तुमचा आणा.