जुळी कामं आणि पप्पांचं सॉफ्टवेअर

आमच्या ऑफिसचे किस्से संपवायला गेलं की वाढतात. एक सांगून उठावं तर कुणीतरी ओरडतं, "अरे, ते कमोडचं सांग की!" कमोडचं सांगितलं की रंगाचं निघतं. म्हणून आज बसलोच आहे तर सगळे सांगून टाकतो. चहा तुमच्याकडून.

मलकपेठला पप्पांचं इंटिरियरचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि बाकी सगळं प्लायवूड. मी ओमकार, घरात ओम्या. इंटरला, म्हणजे बारावीला, माझे मॅथ्स आणि फिजिक्स राहिले. पप्पा ओरडले नाहीत. नुसतं बोलले, "कोठी एरियातल्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना वेळेत झाला तर इथंच राहून परत परीक्षा दे. नाही झाला तर हॉस्टेलवालं कॉलेज."

हॉस्टेलवालं कॉलेज म्हणजे शहराबाहेर चार भिंती, पहाटे घंटा आणि मोबाइल जप्त. माझा एक दोस्त तिथं जाऊन आला. आता तो आमच्या वॉचमनला "गुड मॉर्निंग सर" म्हणतो. संध्याकाळी.

दवाखान्याशी माझा संबंध काय? तर पप्पांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलेलं. कुठलं काम कुणाचं, कुठल्या कामाच्या मागं कुठलं, सगळं त्यात. सगळ्यांच्या मोबाइलवर. पण आमच्याकडं टाकायच्या आधी बघायची पद्धत नाही. काम आठवलं की टाकून मोकळं! त्यामुळं एकच काम दोन-दोन, तीन-तीन वेळा. ही जुळी शोधून उडवायची, ही माझी नोकरी. पगार एकच: हॉस्टेल नाही.

*

पहिल्या दिवशी मी 'डुप्लिकेट शोधा' बटण दाबलं. "बाथरूमच्या टाइल्स बसवणे" दोनदा निघालं. एक उडवलं आणि समोसा खायला गेलो. म्हटलं, एवढ्यासाठी लोक इंजिनिअरिंग करतात?

एक खालच्या मजल्याचं बाथरूम होतं आणि एक वरच्या. हे मला माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरला पण नव्हतं.

आता या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. मधलं काम उडवलं की त्याला जोडलेलं मागचं काम सरकत सरकत थेट आजच्या तारखेवर येतं. वरच्या टाइल्स उडाल्या. त्यांच्या मागं होतं 'कमोड बसवणे'. ते आलं आजच्या तारखेवर. प्लंबर आला, मोबाइल बघितला, उघड्या सिमेंटवर कमोड बसवला आणि गेला. लेव्हल एकदम परफेक्ट.

पप्पांनी कमोडभोवती एक चक्कर मारली. "आता याच्याखाली टाइल्स घालायच्या कशा?"

अन्वरभाई आमचे सुतार. ते शांतपणे बोलले, "सेठ, इसके ऊपर बैठ के सोचना पडता."

*

मग मी हुशार झालो. सारखी नावं दिसली की पप्पांना विचारायचं, मगच उडवायचं.

पण आमचा पेंटर यादगिरी अन्ना काम टाकतो तेलुगूत. पप्पा टाकतात मराठीत. अन्वरभाई तर लिहीतच नाहीत, मोबाइल तोंडाजवळ धरून बोलतात, "बाहर के कमरे को कलर मारना." सॉफ्टवेअरच्या हिशोबानं ही तीन वेगळी कामं. बटण दाबलं तर सांगायलं, डुप्लिकेट नाही!

सोमवारी अन्नानं ती बाहेरची खोली, म्हणजे वेटिंग रूम रंगवली. मंगळवारी अन्वरभाईंच्या ओळखीचा दुसरा पेंटर आला, त्यानं तीच रूम तोच क्रीम कलर परत मारला. बाहेर येऊन हात पुसत बोलला, "इत्ती चिकनी दीवार जिंदगी में नै देखा मियां!"

बुधवारी पप्पांनी टाकलेलं काम अन्नाच्या मोबाइलवर वाजलं. अन्ना ब्रश घेऊन परत हजर. मी म्हटलं, "अन्ना, झालंय ना हे?"

"बाबू, सॉफ्टवेअर चेप्पिंदि." म्हणजे सॉफ्टवेअर बोललं, विषय संपला.

ती वेटिंग रूम आता थोडी लहान वाटते.

*

सिंकचं असंच. "मॅडमला सिंकचा साइझ विचारून मागवणे." हे पण तिघांनी टाकलं, तीन भाषांत.

सकाळी पप्पांनी फोन केला, मॅडमनी साइझ सांगितला. थोड्या वेळानं अन्वरभाईंनी केला, परत सांगितला. अन्नानं केला तेव्हा मॅडम बोलल्या, "तुम्हाला एकूण किती डॉक्टर बसवायचेत?"

सिंक तीन आली. एक मॅडमच्या केबिनमध्ये लागलं, एक खालच्या बाथरूमात. तिसरं आमच्या ऑफिसच्या दारात उभं. मी ते काम उडवायला गेलो तर पप्पा बोलले, "राहू दे. आता ते खरं झालंय."

*

नुसतं उडवून उडवून कंटाळा येतो. म्हणून एक काम मी स्वतः टाकलं: "पप्पांनी सगळ्यांना बिर्याणी खिलवणे." आणि ते 'फर्निचर बसवणे'च्या पुढं जोडून दिलं. आधी बिर्याणी, मग फर्निचर. आधीचं झाल्याशिवाय पुढचं काम मोबाइलवर लाल दिसतं.

पप्पांचं असं आहे, माणूस खोटं बोलू शकतो, सॉफ्टवेअर नाही. दुपारी साइटवर गेले तर अन्वरभाई पाय पसरून बसलेले.

"काम कैकू रुका?"

"लाल दिखारा सेठ. बिर्याणी बाकी है."

पप्पांनी स्क्रीन बघितली. मला बघितलं. परत स्क्रीन बघितली. मग पाकीट काढलं.

खाताना माझ्या कानात एवढंच बोलले, "याचं डुप्लिकेट नको."

*

दवाखाना झाला. फक्त एक दिवस उशिरा. कमोड उचलून टाइल्स घालण्यात गेला तो दिवस. मॅडम खूश होत्या, भिंतींवर तर हात फिरवून बघायल्या. पप्पा मला काहीच बोलले नाहीत. आमचे पप्पा गप्प बसले म्हणजे काम कुठंतरी टाकलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बटण दाबलं. डुप्लिकेट निघालं.

"ओमकारला हॉस्टेलला सोडणे." टाकणारे पप्पा. तारीख आजची.

"ओमकारला हॉस्टेलला सोडणे." टाकणारी आई. तारीख आजची.

आईच्या मोबाइलवर पण सॉफ्टवेअर आहे हे मी विसरलोच होतो. घरात वरण घट्ट करायचं की पातळ, यावर या दोघांचं कधी जमत नाही. इथं अक्षर न् अक्षर सारखं!

आता माझी नोकरी काय? डुप्लिकेट उडवायची. आईचं बघितलं तर ते पप्पांच्या कामाचं डुप्लिकेट. पप्पांचं बघितलं तर ते आईच्या कामाचं. मी दोन्ही उडवली. काम म्हणजे काम.

पप्पा आले, खुर्चीत बसले, डोकं खाजवलं. "ओम्या, आज कुठंतरी जायचं होतं रे."

"सॉफ्टवेअरमध्ये बघा की."

बघितलं. वर केलं, खाली केलं. "जायचं तर काहीच नाही."

"मग नसेल."

"हां, नसेल," म्हणून ते चहा प्यायला गेले.

संध्याकाळी शिट्टी मारत विद्यानगरला घरी आलो. दारात अन्वरभाईंच्या चपला. पॅसेजमध्ये माझा पलंग उभा करून ठेवलेला, त्याला टेकून गादी. माझ्या खोलीत भिंतीपर्यंत प्लायवूड, कोपऱ्यात अन्नाचे रंगाचे डबे, आणि माझ्या टेबलावर ते तिसरं सिंक. अन्वरभाई टेप लावून भिंत मोजायलेत आणि आई त्यांना चहा द्यायली.

"अन्वरभाई, ये क्या चलरा?"

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. पप्पांनीच टाकलेलं काम होतं: "ओमकारची खोली खाली करून गोदाम बनवणे."

"ये तो अगले हफ्ते का था मियां," अन्वरभाई टेप गुंडाळत बोलले. "सुबह अपने आप आज पे आ गया."